मागे फिरणारे पाणी व तपासणीचा कागद



वसंत व्याख्यानमालेत बोलायचे म्हणजे वक्त्याने ज्ञानेश्वरी, इतिहास, निदान देशाचे अर्थकारण असा एखादा भारदस्त विषय घ्यावा, अशी रीत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली आणि पुढे मोठमोठ्या विद्वानांनी ती चालवली. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता आणि कायद्याची पुस्तके अडखळत वाचता वाचता. तेव्हा विषयही आमच्या आवाक्यातलाच घेतला आहे. नळातून पाणी येते, हे आपण सारेच जाणतो. नळातून पाणी परत आतही जाते, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. ते परत जाऊ नये म्हणून झडप बसवावी लागते, ती झडप तपासावी लागते, आणि तपासणीचा कागद पाणी पुरवणाऱ्या संस्थेकडे पोचवावा लागतो, ही गोष्ट तर आपल्याकडे कोणाच्या गावीही नाही.

येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या शेतात विहीर असेल. मोटर बंद केल्यावर पाइपातले पाणी विहिरीत उतरू नये म्हणून पाइपाच्या बुडाशी फूटव्हॉल्व्ह असतो. त्यात काडी किंवा खडा अडकला, की रात्रीतून सगळे पाणी उतरून जाते. सकाळी मोटर नुसती भणभणते, पाणी उचलत नाही, आणि मग बादल्यांनी पाइप भरून घेण्याची शिक्षा भोगावी लागते. शेतकऱ्याला आपला फूटव्हॉल्व्ह बिघडल्याचे दिवस उजाडताच कळते, कारण त्याचे भिजवणे अडते. गावाच्या नळयोजनेत अशीच एखादी झडप बिघडली, तर कोणाचेच काही अडत नाही. नळाला पाणी येत राहते. फक्त ते कधी कधी भलतीकडचे येते.

हे कसे घडते ते आधी पाहू. गावाची टाकी उंचावर असते. दहा मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो पडतो, आणि त्या दाबाने पाणी घरोघर जाते. नळीच्या आत दाब आहे तोवर बाहेरचे काही आत शिरत नाही. नळी फुटली तरी पाणी बाहेरच उडते. पण आपल्याकडे पाणी चोवीस तास कुठे असते? कोठे दिवसाआड, कोठे चार दिवसांनी, आणि वैशाखात त्याहूनही उशिरा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद झाला, की नळीत उरलेले पाणी सखल भागातल्या घरांत उतरून जाते आणि वरच्या भागातली नळी रिकामी होते. ती नुसती रिकामी होऊन राहत नाही, ओढू लागते. कॅनमधले रॉकेल काढण्यासाठी नळीचे टोक एकदा तोंडाने ओढून खाली सोडले, की पुढे रॉकेल आपले आपण वाहत राहते, हे ज्याने केले आहे त्याला वेगळे सांगायला नको. तसेच गावाच्या नळीचे होते. त्यात कोणी नळाला थेट मोटर लावली म्हणजे विचारूच नका. एका आळीत पाच मोटरी सुरू झाल्या की पुढच्या आळीतल्या नळाला कान लावून पाहा. आत हवा ओढल्याचा आवाज ऐकू येतो.

आता या ओढणाऱ्या नळीचे दुसरे तोंड कशात बुडालेले आहे, एवढाच प्रश्न उरतो.

ते गुरांच्या हौदात बुडालेले असू शकते. धुण्याच्या बादलीत असू शकते. आपला हा मुलूख कपाशीचा, तुरीचा आणि आता सोयाबीनचा. फवारणीच्या दिवसांत अंगणातल्या नळाला रबरी नळी लावून ती औषधाच्या ड्रमात सोडून देण्याची सवय घरोघर आहे. नळी ड्रमात बुडालेली, ड्रमात औषध ओतलेले, आणि तेवढ्यात टाकीचा व्हॉल्व्ह बंद होतो. पुढे काय होईल ते सांगायला इंजिनिअर नको. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते विष हवेतून आणि अंगावरून शरीरात गेले, नळातून नव्हे. पण ज्या औषधाचा नुसता फवारा माणसाला एवढा भोवतो, त्याच्या ड्रमात पिण्याच्या पाण्याची नळी बुडवून ठेवायची, हे धाडसच म्हटले पाहिजे.

दुसरी जागा म्हणजे गटार. आपल्या गल्ल्या अरुंद. पाण्याची नळी व सांडपाण्याची नाली शेजारशेजारून जातात, कोठे नळी चक्क नालीतूनच ओलांडते. तिच्या सांध्याला पडलेल्या ज्या चिरेतून पाणी असताना पाणी बाहेर झिरपते, त्याच चिरेतून पाणी नसताना नालीतले आत येते. पुन्हा नळ सुटला की पहिल्या लोंढ्याबरोबर ते घरोघर जाते. पहिले गढूळ पाणी सोडून द्यावे, असे आपल्या आयाबाया सांगत, त्याचे मर्म हे. हुबळी-धारवाड येथे काही प्रभागांत चोवीस तास पाणी दिले जाऊ लागले व बाकीच्यांत पूर्वीप्रमाणे थांबून थांबून येत राहिले, तेव्हा संशोधकांनी दोन्हीकडचे नळ तपासले. त्यांचा निष्कर्ष २०१३ साली छापला गेला. चोवीस तासांच्या नळांत मैल्यातले जंतू शंभरात एकाहूनही कमी नमुन्यांत निघाले. थांबून येणाऱ्या नळांत शंभरात तीसांहून अधिक नमुन्यांत. शहर तेच. फरक पडला तो नळीतल्या दाबाचा.

तिसरी जागा आम्हाला वऱ्हाडात फिरताना गावोगाव दिसते. दाब कमी म्हणून लोक अंगणात खड्डा खणून नळ खाली घेतात. तोटी नसते. खड्ड्यात पाणी साचते, त्यात पोरे खेळतात, बकरी तोंड घालते, आणि नळाचे तोंड त्याच डबक्यात बुडालेले असते. अमेरिकेत वूस्टर नावाच्या गावी होली क्रॉस हे कॉलेज आहे. १९६९ साली तिथल्या फुटबॉल संघात काविळीची साथ आली. खेळाडू आणि त्यांचे शिक्षक मिळून ९७ जणांपैकी ९० जणांना बाधा झाली आणि त्या वर्षीचे पुढचे सामने रद्द करावे लागले. तपास केला तेव्हा कारण निघाले ते आपल्या खड्ड्यातल्या नळाचे सख्खे भावंड. मैदानाला पाणी घालण्याचे नळ जमिनीखालच्या खळग्यांत होते. शेजारच्या वस्तीतली पोरे तेथे खेळत, आणि त्या घरांत कावीळ होती. जवळपास आग लागली, बंबांनी मोठ्या नळीतून पाणी ओढले, दाब पडला, आणि खळग्यातले पाणी मागे फिरून खेळाडूंच्या पिण्याच्या नळात गेले. एवढ्या श्रीमंत देशातल्या कॉलेजात हे घडले.

आतापर्यंत सांगितला तो ओढीचा प्रकार. दुसरा प्रकार ढकलण्याचा आहे आणि तो आम्ही कारखान्यांत पाहतो. पिण्याच्या पाण्याची लाइन एक, यंत्रे थंड करण्यासाठी बोअरची लाइन दुसरी. कधी बोअर आटते म्हणून दोन्ही लाइनी एका तुकड्याने जोडतात आणि मध्ये एक साधा व्हॉल्व्ह ठेवतात. बोअरच्या पंपाचा दाब जास्त असतो. व्हॉल्व्ह जरा जरी झिजला, की यंत्राचे पाणी कामगाराच्या पेल्यात येते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १८ व्या कलमात पिण्याच्या पाण्याच्या जागेवर बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असे लिहिण्याची सक्ती होती, आणि ती जागा मुतारी, संडास, उघडी नाली यांपासून सहा मीटरांच्या आत असू नये, असेही म्हटले होते. तो कायदा आता नव्या संहितेत गेला आहे. पाटी मात्र आम्ही पुष्कळ ठिकाणी भांडून लावून घेतली होती. पुढे ध्यानात आले, की पाटी भिंतीवर असते आणि पाणी भिंतीच्या आतून येते.

उपाय काही अवघड नाहीत. सर्वांत खात्रीचा आणि फुकटचा उपाय म्हणजे नळाचे तोंड आणि भांड्यातले पाणी यांच्यामध्ये मोकळी हवा राखणे. ते अंतर नळीच्या व्यासाच्या दुप्पट, आणि एका इंचाहून कमी नको. जिथे मध्ये हवा आहे तिथून पाणी मागे ओढले जाऊच शकत नाही. जिथे हवा राखता येत नाही तिथे एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात. तिला आपल्याकडे सगळेजण एन.आर.व्ही. म्हणतात. धोका मोठा असेल तेथे, म्हणजे दवाखाना, कारखाना, रंगशाळा अशा ठिकाणी, परदेशात एकापाठोपाठ दोन झडपा आणि त्यांच्या मधल्या कप्प्याला बाहेर उघडणारे तोंड असे यंत्र लावतात. झडपा निकामी झाल्या तर घाण पाणी गावाच्या नळीत न जाता त्या तोंडातून जमिनीवर सांडते आणि सगळ्यांना दिसते. आम्हाला त्यातली ही दिसण्याची सोय फार आवडली.

पण झडप ही शेवटी झडपच. तिचे रबर झिजते, स्प्रिंग गंजते, क्षार बसतो. बसवली त्या दिवशी चांगली होती, एवढ्यावर दहा वर्षे विसंबता येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या पुष्कळ शहरांत असा नियम आहे, की ज्याच्या इमारतीत असे यंत्र आहे त्याने ते दर वर्षी परवानाधारक तपासनिसाकडून तपासून घ्यावे, आणि तपासणीचा कागद शहराच्या पाणीपुरवठा खात्याकडे ठरलेल्या तारखेच्या आत दाखल करावा. कागद आला नाही तर नोटीस येते. तरीही आला नाही तर पाणी तोडतात.

हा नियम आकाशातून पडलेला नाही. १९३३ साली शिकागोत मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. देशभरातून आलेली माणसे तेथल्या दोन मोठ्या हॉटेलांत उतरली, आणि आपापल्या गावी परत गेल्यावर आमांशाने आजारी पडली. चौदाशेंहून अधिक रोगी निघाले, ९८ माणसे मेली. हॉटेलांच्या भिंतींच्या आत मैल्याच्या व पिण्याच्या नळ्यांची गाठ पडलेली होती. रोगी देशभर विखुरलेले असल्यामुळे कोणा एका डॉक्टरला साथ दिसेना. आणि ज्यांना उन्हाळ्यातच सुगावा लागला होता त्यांच्याकडून लोकांना उघड कळेपर्यंत प्रदर्शन संपत आले होते. अशा धड्यांनंतर त्या देशात हे शास्त्र वाढत गेले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात १९४४ पासून याच एका विषयाची संस्था चालते.

त्या तपासणीच्या कागदाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण आमचा आजचा मुद्दा त्यातच आहे. त्यावर यंत्राचा क्रमांक असतो, ते कोठे बसवले आहे ते असते, तपासणीची तारीख असते. पहिल्या झडपेने किती दाब धरला, दुसरीने धरला की नाही, मधले तोंड कितीला उघडले, असे आकडे असतात. नुसते ‘ठीक’ लिहून चालत नाही. ज्या मापकाने मोजले तो मापक स्वतः केव्हा तपासला, हेही विचारतात. खाली तपासनिसाचा परवाना क्रमांक आणि सही. आणि यात एक रकाना असा आहे, की तो पाहून आम्हाला, जन्मभर सरकारी तक्ते पाहिलेल्या माणसांना, नवल वाटले. दुरुस्तीपूर्वीचा आकडा आणि दुरुस्तीनंतरचा आकडा, असे दोन्ही लिहायचे. म्हणजे झडप नापास झाली होती, हे कागदावर कायमचे राहते. ते खोडायचे नाही, लपवायचे नाही. नापास होणे ही झडपेच्या आयुष्यातली नेहमीची गोष्ट आहे असे धरूनच तो तक्ता छापलेला आहे.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे. तो टाकीत टी.सी.एल. पावडर टाकतो, नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहतो, त्याला ओ.टी. चाचणी म्हणतात. नळाच्या शेवटी दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. पाण्याचे नमुने निर्जंतुक बाटलीतून प्रयोगशाळेत जातात. शंभर मिलिलिटर पाण्यात मैल्याचा एकही जंतू सापडता कामा नये असा दंडक आहे. एप्रिलात आणि ऑक्टोबरात आरोग्य खाते पाण्याच्या उद्भवांची पाहणी करून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. सलग पाच वर्षे हिरवे मिळाले तर चंदेरी कार्ड देतात. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये तर प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवून हातात पेटी द्यावी असे ठरले. ही चांगली योजना आहे. पाणी भरणाऱ्या बाईच्या हातात तपासणीची पेटी यावी, याहून न्याय्य काय असणार?

परंतु या साऱ्या व्यवस्थेचे डोळे मुख्यतः विहिरीवर आणि टाकीवर आहेत. टाकी सोडल्यानंतर घरापर्यंतच्या वाटेत पाणी मागे फिरते का, याचा रकाना कोणत्या वहीत आहे? पंपघरातली एन.आर.व्ही. मागच्या वेळी कोणी, कधी तपासली, हे कोणत्या गावाच्या दप्तरात सापडेल? आम्ही अनेक गावांत विचारले. ‘व्हॉल्व्ह आहे ना’ असे उत्तर मिळते. तो आहे हे आम्हालाही दिसते.

दुसरे दुखणे वहीचे. काही ठिकाणची ओ.टी. वही आम्ही पाहिली. बारा महिन्यांची नोंद एकाच शाईने, एकाच हाताने, एका बैठकीत लिहिलेली. प्रत्येक दिवशी ‘क्लोरीन आढळले’. ज्या आठवड्यात वीज नसल्यामुळे गावाला थेंबभर पाणी मिळाले नव्हते, त्या आठवड्यातही आढळले! नमुना घ्यावा गावाच्या शेवटच्या नळावरून, पण घेतात टाकीच्या बुडाशी, पावडर टाकून झाल्यावर. मग तो चांगला येणारच. यावर लोक सरळ जलसुरक्षकाला लबाड ठरवून मोकळे होतात. आमचे म्हणणे निराळे आहे, आणि तेथेच संघटनेच्या माणसाने बोलण्याचे कारण येते.

या माणसाचे मानधन तुटपुंजे. तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. त्याने वहीत ‘क्लोरीन नाही’ असे लिहिले तर पहिला प्रश्न त्यालाच येतो, की पावडर का टाकली नाहीस? पावडर संपली आहे आणि मागणी करून महिना झाला, हे उत्तर कोणी लिहून घेत नाही. नमुना ‘पिण्यास अयोग्य’ आला तर गावाचे कार्ड बिघडते, सरपंच रागावतात, ग्रामसेवकाला वरून विचारणा होते. चांगला आकडा लिहिला तर कोणीच काही विचारत नाही. खरे लिहिणाऱ्याला शिक्षा आणि खोटे लिहिणाऱ्याला शांत झोप, अशी रचना आपणच करून ठेवली, आणि मग वही खोटी निघाली म्हणून आश्चर्य करत बसलो.

पश्चिम विदर्भातल्या एका नगरपरिषदेची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. तिथे एका भागात काविळीचे रोगी निघू लागले. नाली ओलांडून जाणाऱ्या नळीवरची झडप सडली होती. वर्तमानपत्रांत आले, मोर्चा आला, आणि दुसऱ्याच दिवशी त्या भागाचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला निलंबित केले. तो आमच्याकडे आला. म्हणाला, “भाऊ, म्या साहेबाले सांगतलं होतं. दोनदा सांगतलं.” आम्हाला त्याचे खरे वाटले, कारण त्या गल्लीतल्या लोकांनीही त्याला सांगताना ऐकले होते. आम्ही कचेरीत गेलो. तिथे एकच प्रश्न आला : लेखी कोठे आहे? बारनिशी उघडली. त्याच्या नावाचा एकही अर्ज आवक झालेला नव्हता. ज्या साहेबाला त्याने सांगितले होते त्यांची बदली झालेली. त्या माणसाला कामावर परत घेववायला आम्हाला दीड वर्ष लागले, आणि त्या दीड वर्षात त्याच्या मुलीची शाळा सुटली. झडप मात्र मोर्च्यानंतर चार दिवसांतच बदलली गेली.

दुसऱ्या एका गावी आमचा एक जुना फिटर होता. चौथी शिकलेला, अक्षर मोठे आणि वाकडे. त्याला आम्ही एक सवय लावली होती, की जे बिघडले ते दोन प्रतींत लिहायचे, एक कचेरीत द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी ट्रंकेत ठेवायची. कारकुनाने पोच द्यायला खळखळ केली तर भांडायचे नाही, बाकावर बसून राहायचे. तिथेही पुढे चौकशी आली. त्याने ट्रंकेतून सात कागद काढून टेबलावर ठेवले. सातांवरही शिक्के. चौकशी तिथेच थांबली, आणि ज्या दुरुस्तीला आठ महिने पैसे नव्हते तिला आठ दिवसांत मिळाले. दोघांपैकी जास्त प्रामाणिक कोण, हे आम्ही सांगू शकणार नाही. एकाकडे पोच होती आणि दुसऱ्याकडे नव्हती, एवढे सांगू शकतो.

कोणी म्हणेल, रोगी निघाले की दवाखान्याच्या आकड्यांवरून कळतेच की. त्याला दिल्लीची हकिगत सांगावी लागते. १९५५ च्या नोव्हेंबरात पुरानंतर यमुनेने पात्र बदलले, आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पंपघराजवळ, जिथून शहराचे पाणी उचलत तिथेच, येऊन मिळाले. तिथल्या माणसांनी क्लोरीन वाढवले. त्यामुळे पटकी, विषमज्वर यांची साथ आली नाही आणि सगळ्यांना वाटले, निभावले. कावीळ सुरू झाली डिसेंबरात, आणि जानेवारी १९५६ पर्यंत सुमारे २९,३०० लोक पिवळे पडले. या काविळीचा जंतू शरीरात गेल्यावर रोग दिसायला महिना-दीड महिना लागतो. तोवर ते पाणी पिऊन झालेले असते. तेव्हाच्या डॉक्टरांना हा विषाणू कोणता हे ठाऊक नव्हते. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी ते उमगले. आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात. गरोदर बायांना तो फार घातक. २०१२ साली आपल्या इचलकरंजीतही हीच कावीळ हजारोंना झाली आणि माणसे गेली. तात्पर्य, दवाखान्याचा आकडा महिनाभर उशिरा येतो. झडपेचा आकडा त्याच दिवशी मिळतो, पण तो कोणी घ्यायला आणि कोणी लिहून ठेवायला हवा.

यासाठी गावाला परदेशी यंत्र नको. पंपघरातली एन.आर.व्ही. तपासायला दहा मिनिटे पुरतात. पंप बंद करायचा आणि झडपेच्या अलीकडची, पंपाकडची लहान तोटी उघडायची. थोडे पाणी येऊन थांबले तर झडप धरते आहे. धार चालूच राहिली तर टाकीचे पाणी मागे येते आहे. तोटी नसेल तर ती बसवून घ्यावी. खर्च फार नाही. टाकीत येणारी नळी पाण्याच्या वर तोंड काढून आहे की आत बुडालेली आहे, हे शिडी चढून पाहायचे. मग आळीआळीने फिरून नाली ओलांडणाऱ्या नळ्या, खड्ड्यातले नळ, बिनतोटीचे नळ, थेट लावलेल्या मोटरी यांची यादी करायची. प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक द्यायचा आणि तो रंगाने भिंतीवर लिहायचा. हे काम वर्षातून दोनदा, पाहणीच्याच महिन्यांत, म्हणजे एप्रिलात व ऑक्टोबरात करावे. जलसुरक्षकाबरोबर त्या पाच महिलांपैकी दोघींनी असावे. एकटा माणूस लिहितो तेव्हा त्याच्यावर दाब येतो. तिघांच्या सह्या असल्या की दाब वाटला जातो.

मग कागद तीन प्रतींत. एक ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा समितीला, एक प्राथमिक आरोग्य केंद्राला, आणि तिसरी, शिक्का मारून, लिहिणाऱ्याच्या हातात. या तिसऱ्या प्रतीबद्दल आम्ही आग्रही आहोत. ती दिली नाही तर बाकी दोन्हींचा भरवसा आम्ही देणार नाही. आणि ग्रामसभेत एक साधा ठराव व्हावा, की दोष लेखी कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या दोषाबद्दल जबाबदार धरले जाणार नाही. तो पोचल्यानंतर दुरुस्ती न करणाऱ्याला धरले जाईल.

‘आणखी एक वही कशाला?’ असे ग्रामसेवक म्हणतील, आणि त्यांचेही चूक नाही. त्यांच्या टेबलावर वह्यांचा डोंगर आहे, हे आम्ही पाहिले आहे. त्यांना आमचे सांगणे असे, की ही वही वर्षात दोनदाच उघडायची आहे, आणि जी रोज भरली जाते व कोणीच वाचत नाही तिच्यापेक्षा हिला वेळ कमी लागेल. मोटरवाले घरमालक तर जास्तच रागावतील. त्यांना हौद बांधून, नळ हौदाच्या वर ठेवून, मग हौदातून मोटर लावायला सांगावे. पाणी त्यांनाही मिळेल आणि शेजाऱ्याची नळीही ओढली जाणार नाही. शेजाऱ्याचा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. स्वतःच्या घरातली विजेची तार सदोष असली तर धक्का बहुधा आपल्यालाच बसतो. आपल्या अंगणातला नळ डबक्यात बुडालेला असला, तर कावीळ तिसऱ्या घरातल्या सुनेला होते, आणि तिला कोणाच्या अंगणातून ती आली हे कधीच कळत नाही. म्हणूनच तो कागद घरमालकाच्या कपाटात राहून उपयोगी नाही, पाणी देणाऱ्या संस्थेकडे गेला पाहिजे.

येत्या १ मेला ग्रामसभा भरेल. तो महाराष्ट्राचा दिवस आहे आणि आमचाही, म्हणजे कामगारांचा. त्या सभेपुढे हा विषय ठेवायचा तर त्याआधी अर्ज द्यावा लागेल. अर्जाचा मसुदा आणि तपासणीच्या तक्त्याचा एक हाताने आखलेला नमुना आम्ही बरोबर आणला आहे. त्यात दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही रकाने ठेवले आहेत. व्हॉल्व्ह किती आहेत हे आम्हाला ठाऊक नसल्यामुळे खालच्या ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. त्या येथल्या माणसांनी भराव्यात. कागद टेबलावर ठेवतो. आपले जलसुरक्षक भाऊ सभेत मागे उभे आहेत असे आत्ताच कळले. त्यांनी पुढे यावे, बसावे, आणि पंपघरातल्या झडपेबद्दल आम्हाला जे विचारायचे किंवा सांगायचे असेल ते सर्वांदेखत सांगावे.